दोघांच्या पाण्याचा पीएच ८.२, मग एकालाच ॲसिड साडेतीन पट का?

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा आहे. थोडक्यात असा: "माझ्या बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२. शेजाऱ्याच्या विहिरीचाही ८.२. जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाच्या) फवारणीआधी दोघंही पाणी ६ ला आणतो, एकाच कॅनमधल्या ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिडनं. त्याला २०० लिटरला २० मिली पुरतं, मला ७० मिली लागतं. मुलगा बारावी सायन्सला आहे. तो म्हणतो, पीएच सारखा म्हणजे हायड्रोजन आयन सारखे, मग ॲसिड सारखंच लागायला पाहिजे. मीटर बिघडलाय का?"

मीटर बहुतेक ठीक आहे. शंका असेल तर एकाच मीटरनं दोन्ही पाणी पाठोपाठ मोजा, विषय संपला. चिरंजीवांचं पहिलं वाक्यही बरोबर आहे: पीएच सारखा म्हणजे हायड्रोजन आयन सारखे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला. माती-पाणी तपासणीच्या कामात हा घोळ मी रोज बघतो आणि त्यात शिकलेले-न शिकलेले असा भेद नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीएच, म्हणजे आपल्या तपासणी अहवालात छापतात तो सामू, फक्त मोकळे हायड्रोजन आयन मोजतो. या क्षणी, कुणाशीही न जोडलेले, मीटरच्या टोकाला, म्हणजे इलेक्ट्रोडला, जाणवतील तेवढेच. आणि ते किती कमी असतात याची कल्पना सहसा कुणाला नसते. पीएच ७ म्हणजे १ कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन आयन. मोठं सामूहिक शेततळं काठोकाठ भरलं तरी त्यात मोकळे हायड्रोजन आयन जेमतेम ग्रॅमभर. पीएच ६ म्हणजे तोच १ ग्रॅम १० लाख लिटरमध्ये, दहापट दाट. ८.२ म्हणजे जवळपास १६ कोटी लिटरमध्ये १ ग्रॅम. आकडे असे गैरसोयीचे म्हणूनच कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेननं १९०९ मध्ये ही घातांकाची मोजपट्टी काढली. ती प्रयोगशाळा बिअरवाल्यांची होती. आणि आपण वापरतो तसल्या इलेक्ट्रॉनिक मीटरची सुरुवात १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात झाली, लिंबाच्या रसाची आंबटता मोजायला. आर्नोल्ड बेकमननं तो फळबागायतदारांच्या संस्थेत काम करणाऱ्या मित्रासाठी बनवला. म्हणजे हे यंत्र बागेतूनच प्रयोगशाळेत गेलं म्हणायला हरकत नाही.

आता तुमच्या टाकीचा हिशेब मांडू. ७० मिली फॉस्फोरिकमधून २०० लिटर पाण्यात साधारण १.१ ग्रॅम हायड्रोजन आयन गेले. शेवटी मीटरनं ६ दाखवलं, म्हणजे मोकळे राहिले ०.२ मिलिग्रॅम. साडेपाच हजार टाकले तेव्हा एक शिल्लक राहिला. बाकीचे गेले कुठे?

ते बायकार्बोनेटनं धरले. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असतात आणि त्यांच्या जोडीला बायकार्बोनेट. हायड्रोजन आयन आला की बायकार्बोनेट त्याला पकडतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ॲसिड ओतल्यावर टाकीच्या कडेला जे बारीक बुडबुडे चिकटतात ते हेच. जोपर्यंत धरणारे शिल्लक आहेत तोपर्यंत मोकळ्यांची संख्या फारशी वाढत नाही आणि पीएच अडून बसतो. पाण्यात बायकार्बोनेट नसतंच, नुसतं डिस्टिल्ड वॉटर असतं, तर २०० लिटर ७ वरून ६ ला आणायला या ॲसिडचा एक पूर्ण थेंबही लागला नसता.

दोन विहिरींना पाणी वीस-वीस फुटांवर आहे म्हणून दोन्हीत पाणी सारखंच आहे असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. एक आठ फुटी, दुसरी पंचवीस फुटी, तर पातळी फूटभर उतरवायला मोटर किती वेळ चालेल ते घेरावर ठरतं. पीएच ही पातळी. बायकार्बोनेट हा घेर.

मग घेर वेगळा असून दोघांची पातळी ८.२ वरच कशी आली? इथे चिरंजीवांना कागद-पेन्सिल घेऊ द्या. पाण्याचा पीएच बायकार्बोनेट किती यावर एकट्यावर ठरत नाही, तर बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर ठरतो. दोन्ही समसमान असले की पीएच ६.३५. गुणोत्तर दहास एक झालं की ७.३५. साधारण सत्तरास एक झालं की ८.२. तुमच्याकडे सत्तरास एक आहे आणि शेजाऱ्याकडेही सत्तरास एकच आहे, फक्त तुमच्याकडे दोन्ही गोष्टी साडेतीन पट आहेत. गुणोत्तर सारखं, म्हणून पीएच सारखा. साठा वेगळा, म्हणून ॲसिड वेगळं.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून उलटा हिशेब केला तर तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट लिटरला ८ मिलीइक्विव्हॅलंटच्या (किती हायड्रोजन आयन धरता येतील ते मोजायचं एकक) आसपास असावं आणि शेजाऱ्याच्या २.३. अहवालात ते मिलिग्रॅममध्ये दिलं असेल तर ६१ नं भागायचं: ४८८ भागिले ६१ म्हणजे ८. पीएच ६ ला आणायचं म्हणजे त्यातलं साधारण ७० टक्के बायकार्बोनेट संपवायचं. सगळं संपवायचं नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ८५ टक्के फॉस्फोरिकसाठी माझं तोंडी गणित असं: दर मिलीइक्विव्हॅलंटला २०० लिटरमागे ९ मिली. ८ नवे ७२, आणि २.३ नवे २१ च्या जवळ. तुमच्या मापांशी ताडून बघा. तुमचा मीटर माझ्या अंदाजापेक्षा चांगला आहे.

हे एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर २० लिटरची बादली, सुईशिवायची सिरिंज आणि मीटर घ्या. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. एकेक मिली ॲसिड टाका, काठीनं ढवळा, आकडा थांबू द्या, लिहून ठेवा. तुमच्या पाण्यात पहिल्याच मिलीत पीएच ८.२ वरून ७.१ पर्यंत घसरेल. बघणाऱ्याला वाटतं, झालंच काम. मग तो अडतो. चौथ्या मिलीला कुठे ६.५. सातव्याला ६. नवव्याला ५.५. साडेदहाला ५. आणि त्यापुढच्या अर्ध्याच मिलीत ५ वरून थेट ४. सुरुवातीला एक मिली, शेवटी अर्धा मिली, आणि अधली सगळी वाट साडेनऊ मिलींची. ६.३५ च्या आसपास पाणी सगळ्यात जास्त ताठर असतं, कारण तिथे धरणारं बायकार्बोनेट आणि परत सोडू शकणारा कार्बन डायऑक्साइड दोन्ही भरपूर असतात. ५ च्या खाली बायकार्बोनेट जवळजवळ संपलेलं असतं, नवा आलेला हायड्रोजन आयन मोकळाच राहतो आणि आकडा कोसळतो. म्हणून ५.५ च्या खाली ॲसिड ओतताना हात आखडता घ्यायचा.

हाच धोका माप उसनं घेण्यात आहे. शेजाऱ्यानं उद्या तुमचं बघून ७० मिली टाकलं तर त्याच्या पाण्याचा पीएच २.७ च्या आसपास जाईल. तुम्ही स्वतः पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरायला लागलात आणि सवयीनं ७० मिलीच टाकलं तर २.५. कोवळ्या फुटीवर असलं पाणी पडलं की कडा करपतात आणि मग दोष जीएच्या कंपनीला दिला जातो. पावसाच्या पाण्याचा पीएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मुळातच ५.६ च्या आसपास असतो. त्याला ॲसिडची गरजच नाही.

आता एक गोष्ट जी अहवाल हातात घेऊन भांडायला येणाऱ्यांना सांगावी लागते. बोअर सुरू करून तोंडाशी पीएच मोजला तर ७.२ येतो, तेच पाणी बादलीत ठेवून दुसऱ्या दिवशी मोजलं तर ८ च्या वर. कुणी काही मिसळलेलं नसतं. जमिनीत मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडतात, त्यामुळे खालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानानं खूप जास्त विरघळलेला असतो. पाणी वर आलं की तो उडून जातो, गुणोत्तर बदलतं, पीएच चढतो. मोकळे हायड्रोजन आयन दहावा हिस्सा राहिले, पण बायकार्बोनेट तेवढंच राहिलं आणि पाण्याला लागणारं ॲसिडही जवळपास तेवढंच. निम्मे लोक अहवालातला सामू बघतात आणि खालची बायकार्बोनेटची ओळ वाचतच नाहीत. माझ्या मते फवारणीसाठी ती खालची ओळच महत्त्वाची आहे. सामू छापला नाही तरी माझं अडणार नाही.

याचीच दुसरी बाजू ॲसिड टाकल्यावर दिसते. तुम्ही पाणी ६ ला आणलं तेव्हा तीस टक्के बायकार्बोनेट शिल्लक होतं आणि टाकी कार्बन डायऑक्साइडनं भरलेली होती. तो हळूहळू उडतो. टाकी उघडी राहिली, ब्लोअरचं ढवळणं चालू राहिलं, की पीएच परत वर सरकतो. सकाळी ६ ला आणलेलं पाणी दुपारी ६ ला नसतं. पाणी तयार केलं की औषध टाका आणि फवारा, आदल्या रात्री तयारी करून ठेवू नका.

पण मुळात ६ कशासाठी? जिबरेलिक ॲसिड हे स्वतःच मंद आम्ल आहे. त्याचा रेणू आपला हायड्रोजन धरून असतो तेव्हा त्याच्यावर विद्युतभार नसतो आणि तो पाना-मण्यांवरच्या मेणाच्या थरातून सहज आत जातो. हायड्रोजन सोडला की भार येतो आणि तिथेच अडकतो. पीएच ४ ला निम्मे रेणू हायड्रोजन धरून असतात, ६ ला शंभरात एक, ८ ला दहा हजारात एक. ४ पर्यंत जाणं बागेला परवडत नाही, म्हणून ५.५ ते ६ हा मधला तोडगा. शिवाय अल्कलीत जीए टिकतही कमी. काही बुरशीनाशकांचं तर फारच वाईट: कॅप्टान ८ च्या पाण्यात काही मिनिटांत निम्मं होतं.

सगळ्याच औषधांना मात्र हा नियम लावू नका. बोर्डो मिश्रणाच्या पाण्यात ॲसिड अजिबात नको. त्यात चुना घालतो तोच मुळी मोरचुदातलं तांबं बांधून ठेवायला. हायड्रोजन आयन वाढले की तांबं सुटतं आणि पान भाजतं. जुने लोक घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, अजून चुन्याची निवळी घाला. या एका कामात मला तो विळा पीएच पट्टीपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण आपल्याला चिंता असते ती मोकळ्या तांब्याची आणि विळा नेमकं तेच दाखवतो.

चिरंजीवांसाठी थोडं वेगळं. पुस्तकात कुठे नुसता हायड्रोजन आयन लिहिलेला असतो, कुठे हायड्रोनियम, आणि मुलं विचारतात खरं कोणतं. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढला की उरतो नुसता प्रोटॉन, अणूपेक्षा जवळजवळ लाख पटीनं लहान. इतक्या छोट्या जागेवर पूर्ण धन भार असलेली वस्तू पाण्यात एकटी राहूच शकत नाही. ती लगेच पाण्याच्या एखाद्या रेणूला चिकटते, तो हायड्रोनियम, आणि त्याच्याभोवती आणखी रेणू गोळा होतात. पण चिकटली म्हणून तिथेच राहते असंही नाही. ती शेजारच्या रेणूकडे उडी मारते, त्याचा एक प्रोटॉन पुढच्याकडे जातो, अशी साखळी चालते. म्हणून पाण्यात हायड्रोजन आयन सोडियम-पोटॅशियमपेक्षा कितीतरी वेगानं धावतो. ग्रोथुसनं या उड्यांची कल्पना १८०६ मध्ये मांडली होती, प्रोटॉन माहीत होण्याच्या शंभर वर्षं आधी. हिशेब करताना नुसतं हायड्रोजन आयन म्हणायला काही हरकत नाही, आम्हीही तेच म्हणतो. आणि १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी स्वतंत्रपणे दिलेली व्याख्या, आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा आणि अल्क म्हणजे घेणारा, ती परीक्षेपुरती नाही. तुमच्या टाकीत फॉस्फोरिक देतंय आणि बायकार्बोनेट घेतंय, एवढंच चाललंय. फॉस्फोरिककडे द्यायला तीन प्रोटॉन असतात, पण पीएच ६ ला पहिलाच पूर्ण सुटतो. दुसरा शंभरातल्या सहाच रेणूंचा, आणि तिसरा १२ च्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. म्हणून रेणूमागे तीन धरून गणित केलंस तर उत्तर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येईल आणि बाबा वैतागतील. जीवशास्त्रात रक्ताचा पीएच ७.४ शिकला असशील. तिथेही हीच जोडी काम करते, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड. रक्तात बायकार्बोनेट लिटरला २४ च्या आसपास, म्हणजे तुमच्या बोअरच्या तिप्पट, आणि वायू बाहेर टाकायला फुप्फुसं.

हाच पातळी-साठ्याचा फरक न कळल्यामुळे जमिनीत पैसा जातो. "जमिनीचा सामू ८.४ आहे, ठिबकमधून ॲसिड सोडून ७ ला आणतो" असं म्हणणारे दर हंगामात भेटतात. चुनखडीच्या जमिनीत हायड्रोजन आयन धरायला बायकार्बोनेटच नाही तर घन चुना बसलेला असतो. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात १ टक्का जरी मुक्त चुना असला तरी तो ८ टनांच्या घरात जातो आणि तो संपवायला जवळपास तेवढंच शुद्ध गंधकाम्ल लागेल. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत ५-१० टक्के चुना ही काही विशेष गोष्ट नाही. चुना असेपर्यंत सामू ८ च्या आसपास परत येणार. ॲसिडनं ड्रिपरजवळची ओंजळभर माती काही दिवस सैल होते, लोह-जस्त थोडं सुटतं, आणि तेवढाच उद्देश असेल तर जरूर करा. पण पिवळ्या पडलेल्या बागेला चुनखडीत टिकणारं चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूनं पकडून विरघळतं ठेवलेलं) देणं स्वस्त पडतं. ईडीडीएचए असलेलं घ्या, ८ च्या वर साधं ईडीटीए लोह सोडून देतं.

कोकणात चित्र उलटं. जांभ्या जमिनीचा सामू ५.५ असतो, तिथे साठा हायड्रोजन आयन धरणाऱ्यांचा नसून सोडणाऱ्यांचा असतो. मातीच्या कणांना चिकटलेलं ॲल्युमिनियम पाण्यात आलं की पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन आयन मोकळे करतं. त्यामुळे चुना किती टाकायचा हे तिथेही नुसत्या सामूवरून ठरत नाही, प्रयोगशाळेत त्या मातीची चुन्याची गरज वेगळी काढावी लागते.

ॲसिड कोणतं घ्यावं हेही पुष्कळ जण विचारतात. तुमच्या २०० लिटरला ७० मिली फॉस्फोरिकऐवजी ९८ टक्के गंधकाम्ल ३० मिली पुरेल, ३३ टक्के हायड्रोक्लोरिक असेल तर १०५ मिली लागेल. हायड्रोजन आयन सगळ्यांत तेच. फवारणीला मी फॉस्फोरिक किंवा युरिया फॉस्फेट सांगतो, कारण माप थोडं चुकलं तरी ते गंधकाम्लाइतकं कोसळत नाही आणि हाताळायला कमी घातक. पण फॉस्फोरिक टाकलेल्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट घालू नका, फॉस्फेटचा पांढरा साका बसतो आणि नोझल तुंबतात. ॲसिड कोणतंही असो, आधी पाणी, मग ॲसिड. उलटं कधीच नाही.

मीटर दर फवारणीआधी ७ आणि ४ च्या बफरनं (पीएच पक्का ठरलेल्या द्रावणानं) लावून घ्या. त्याचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेलं इलेक्ट्रोड लवकर मरतं. पाण्याचा नमुना देताना बोअर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळा, काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका आणि त्याच दिवशी पोचवा. अर्जावर "सामू" एवढंच न लिहिता कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असं स्पष्ट लिहा. बोअरचं पाणी पावसाळ्यानंतर वेगळं आणि एप्रिलमध्ये वेगळं असतं, त्यामुळे ऑक्टोबर छाटणीच्या वेळचा आकडा खरड छाटणीला वापरू नका, नवा नमुना द्या.